आदल्या दिवशीचं इतिवृत्त

बैठक संपून माणसं खुर्च्या मागे सारत असतानाच काकू इतिवृत्ताचा कागद अध्यक्षांपुढे करायच्या. चौदा वर्षांत यात एकदाही खंड पडला नव्हता. दुसऱ्या कंपन्यांत बैठकीत काय झालं हे लिहून यायला आठवडा लागतो, आणि तोवर काय झालं ते कुणाला आठवत नाही. इथे सही करून माणूस थेट विमानतळ गाठायचा. नवीन आलेले तोंडात बोट घालायचे. “काकू, हा हात आहे की छापखाना?” काकू हसण्यावारी न्यायच्या. त्यामागची युक्ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि कुणी खोदून विचारलीही नव्हती. आता तीच युक्ती त्यांच्या गळ्याशी आली होती.

काकू मूळच्या शॉर्टहँडच्या. वडिलांची टंकलेखनाची संस्था होती, अकरा मशीनं आणि एक पंखा. तिथे काकू आधी शिकल्या, मग शिकवू लागल्या, आणि शिकायला कुणी येईनासं झालं तेव्हा शेवटचं कुलूपही त्यांनीच लावलं. वय चव्वेचाळीस. या वयात शॉर्टहँड येणाऱ्या बाईला कोण विचारतो? पण टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन बसलेल्या दोन तरुणांनी विचारलं. त्यांना माणसाच्या प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र बनवायचं होतं आणि स्वतः काय बोललो ते लिहून ठेवायला कुणीतरी हवं होतं. दोघे बोलायला लागले की एकमेकांना वाक्य पुरं करू देत नसत. कोण काय म्हणालं यावरून दुसऱ्या दिवशी वाद. काकू आल्या आणि वाद मिटला, कारण काकूंच्या वहीत असायचं.

त्या दोघांना सगळे थोरले आणि धाकटे म्हणायचे. ते भाऊ नव्हते, कॉलेजातले मित्र. एक ताडमाड, दुसरा बुटका, एवढ्यावरून नावं पडली. थोरल्यांनी काकूंना नोकरी दिली. धाकट्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि पुढे सहा महिने स्वतः खोक्यावर बसले. कोण जास्त जवळचा असं काकूंना कुणी विचारलं असतं तर त्यांनी उजवा डोळा जवळचा की डावा, असं उलट विचारलं असतं.

पुढे यंत्र चाललं. चाललं म्हणजे काय, जगभर गेलं. टायरच्या दुकानावरून कंपनी अठरा मजल्यांच्या इमारतीत आली. ज्याच्या हाती हे यंत्र त्याच्या हाती उद्याचा बाजार, असं वर्तमानपत्रं लिहू लागली. पण दोघांनी हे सगळं होण्याआधीच, खोक्यावर बसून, एक कलम करून ठेवलं होतं. यंत्राचा ताबा कुणा एकाकडे जाणार नाही. जायचा असेल तर पाचही संचालकांनी एका खोलीत बसून हो म्हटलं पाहिजे. ते कलम काकूंनीच टंकलं होतं. तेव्हा धाकटे म्हणाले होते, “काकू, हे जरा ठळक करा. आम्ही पुढे बिघडलो तर दिसायला हवं.” तिघेही हसले होते.

आता काकूंची युक्ती सांगतो. बैठकीत कोणते विषय आहेत त्याची यादी आदल्या दिवशी यायची. काकू त्याच दुपारी यादी समोर ठेवून इतिवृत्त टंकून टाकायच्या. ठराव एक, चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. ठराव दोन, चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. प्रत्यक्ष बैठकीत वही असायची, त्यात कोण आलं, कोण उठलं, कोण काय म्हणालं, सगळं मिनिटासकट शॉर्टहँडमध्ये. काही वेगळं घडलं तर टंकलेलं बदलायचं, असा त्यांचा नेम होता. पहिली दोन-तीन वर्षं त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. पण वेगळं काही घडायचंच नाही. थोरले-धाकटे आधीच आपसात ठरवून यायचे, बाकीचे तिघे मान डोलवायचे. मग काकू शेवटचा ठराव वाचला जात असतानाच उठू लागल्या, प्रिंट काढायला. फक्त बैठक संपल्याची वेळ त्या कोरी ठेवायच्या आणि मागून पेनाने भरायच्या. तेवढी एक जागा कोरी आहे म्हणजे आपण खोटं लिहीत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. माणसाला समजूत घालून घ्यायला फार मोठी जागा लागत नाही.

त्या गुरुवारी शेवटचा ठराव सातवा होता. यंत्राचा ताबा थोरल्यांच्या नव्या कंपनीकडे देण्याचा. बुधवारी तो टंकताना काकूंच्या मनात पाल चुकचुकली होती. धाकट्यांना हे चालेल? पण दोघे गेले महिनाभर दार लावून बोलत होते. ठरलं असेल त्यांचं, आपण कोण मध्ये नाक खुपसणार, असं म्हणून त्यांनी नेहमीचे तीन शब्द टंकले. गुरुवारी थोरल्यांनी ठराव वाचला, काकूंनी वहीत ‘ठराव सात वाचला’ एवढं लिहिलं आणि त्या उठल्या. प्रिंटरमध्ये कागद अडकला. झाकण उघडा, कागद ओढा, झाकण लावा, यात पंधरा मिनिटं गेली. परत आल्या तर सगळे उभे, जो तो फोनवर. धाकट्यांची खुर्ची रिकामी आणि त्यांच्या पाण्याचा पेला जसाच्या तसा भरलेला. थोरल्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली. काकूंनी घड्याळ बघून वेळ भरली, चार पंचवीस.

तीन महिन्यांनी धाकटे कोर्टात गेले.

त्यांचं म्हणणं, मतं घेण्याआधीच मी चिडून निघून गेलो होतो. थोरल्यांचं म्हणणं, तू हो म्हणालास, मग गेलास, आता फिरतोयस. उरलेल्या तिघांपैकी एकाने धाकट्यांचा होकार ऐकला होता. एक त्या वेळी फोनमध्ये बघत होता. आणि तिसरे, वयाने सगळ्यांत मोठे, शपथेवर म्हणाले, “इतिवृत्तात आहे ना? मग तसंच झालं असणार. काकूंच्या इतिवृत्तात आजवर चूक नाही.” हे वाक्य वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं. दुसऱ्या कुणाची अशी स्तुती छापून आली असती तर त्याने कात्रण चौकटीत लावलं असतं. काकूंनी तो पेपर घडी करून कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींखाली ठेवला.

त्या दिवसापासून त्यांचं कशातच लक्ष लागेना. लिफ्टमधून खाली यायच्या आणि टेबलाचा खण लावला का ते बघायला पुन्हा वर जायच्या. कुणी नुसतं “काकू” म्हटलं तरी छातीत धस्स व्हायचं. कॅंटीनमध्ये दोन तट पडले होते, थोरल्यांची टेबलं वेगळी, धाकट्यांची वेगळी, आणि दोन्हीकडचे लोक काकूंना बघून जरा जास्तच गोड हसायचे. काकू डबा घेऊन जिन्यात बसू लागल्या. निवृत्तीला चार महिने उरले होते. एवढे दिवस काढले, एवढे चार महिने का नाही निघणार, असं त्या स्वतःला सांगायच्या आणि डबा तसाच परत न्यायच्या.

साक्षीच्या आठवडाभर आधी कंपनीच्या वकीलबाई त्यांना भेटायला आल्या. तरुण, हळू आवाजात बोलणाऱ्या, हुशार. मीटिंगच्या छोट्या खोलीत त्यांनी दार लावलं आणि टेबलावर एक जुनी वही ठेवली. काकूंनी ती लांबूनच ओळखली.

“तुमच्या वह्या सापडल्या काकू. एकशे बासष्ट. तुम्ही सांगितलं नाहीत कधी.”

“कुणी विचारलं नाही.”

“वाचता कुणाला येत नाहीत हो. आम्ही दोन निवृत्त स्टेनो गाठले, त्यांनी हात टेकले. म्हणाले, निम्म्या खुणा बाईंच्या स्वतःच्या आहेत.” वकीलबाई हसल्या. “मग शेवटी आपल्या यंत्राला दिल्या. तुमच्या वह्या आणि तुमची टंकलेली इतिवृत्तं शेजारी-शेजारी. त्याने तुमचा हात शिकून घेतला. दोन्ही बाजूंना मान्य आहे. भांडण यंत्राच्या ताब्याचं असलं तरी यंत्रावर विश्वास दोघांचाही आहे.”

त्यांनी एक कागद पुढे केला. त्या गुरुवारचं वहीतलं पान, यंत्राने वाचलेलं. कोण कितीला आलं, कोण काय म्हणालं, अगदी धाकट्यांना खोकला आल्याची नोंदसुद्धा बरोबर. काकू बोट ठेवून वाचत गेल्या. ‘ठराव सात वाचला.’ आणि त्याखाली, ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’

काकूंचं बोट तिथेच थांबलं. वहीत ही ओळ नव्हती. वहीत त्या जागी काहीच नव्हतं. तिथे त्या उठून प्रिंटरकडे गेल्या होत्या. यंत्राने त्यांची चौदा वर्षांची इतिवृत्तं वाचली होती आणि ठराव वाचला की पुढे कोणते तीन शब्द येतात हे त्याला पाठ झालं होतं. कोरी जागा दिसताच त्याने ती भरून टाकली. कुणी शिकवलं त्याला? काकूंनीच.

“बरोबर आहे ना?” वकीलबाईंनी विचारलं. “कोर्टात तुम्हाला एवढंच विचारेन. हे तुमच्या वहीचं बरोबर वाचन आहे का. तुम्ही हो म्हणायचं, की सुटलात.”

काकूंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांचे यजमान बसमध्ये तिकीट तपासनीस होते. आता निवृत्त, तरी पाहुण्याकडेही हा विनातिकीट तर नाही ना अशा नजरेने बघायची सवय गेली नव्हती. त्यांनी पेपर बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं, आणि हेच काकूंना जास्त भीतीदायक वाटलं. एरवी ते कुणाचं पूर्ण ऐकत नसत.

“म्हणजे तू माणूस चढायच्या आधीच तिकीट फाडून ठेवत होतीस.”

“रोज चढायचाच ना हो तो. एकदाही चुकला नाही.”

“आमच्यात असे कंडक्टर असायचे. ठरलेले प्रवासी, ठरलेले थांबे, आधीच तिकिटं फाडून मोकळे. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एक दिवस बस उलटते, आणि आत किती माणसं होती ते कुणालाच सांगता येत नाही.”

“मी काय करू ते सांगा. गोष्टी नका सांगू.”

ते म्हणाले, “हो म्हणालीस तर कुणाला कळणार आहे?”

“कुणालाच नाही. यंत्रसुद्धा माझ्याच बाजूने बोलतंय.”

“मग मला कशाला विचारतेस?” असं म्हणून ते चहा टाकायला उठले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. बायको प्रश्न कधी विचारते आणि उत्तर आधीच ठरवून कधी येते, एवढं त्यांना कळत होतं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाची खोली माणसांनी गच्च भरली होती. काकूंना वाटलं होतं तशी ती भव्य नव्हती. बाकांचा रंग उडालेला, एक खिडकी दोरीने बांधलेली. पहिल्या रांगेत थोरले एका टोकाला, धाकटे दुसऱ्या टोकाला. दोघांनीही त्यांच्याकडे बघून एकदमच मान हलवली. काकूंनी शपथ घेतली तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

वकीलबाईंनी कागद हातात दिला. “हे तुमच्या वहीचं बरोबर वाचन आहे का?”

काकूंनी कागदाकडे पाहिलं. हो म्हणायला किती वेळ लागतो? चार महिने, मग घर. थोरल्यांनी दिलेली नोकरी. पेपरातलं ते वाक्य. मग त्यांची नजर धाकट्यांकडे गेली. ते पुढे झुकून बसले होते, कोपर गुडघ्यांवर, अगदी खोक्यावर बसायचे तसे.

“नाही,” काकू म्हणाल्या. “शेवटची ओळ वहीत नाही.”

खोलीत कुजबूज झाली. वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला. न्यायाधीशबाई चष्मा काढून पुढे वाकल्या. “वहीत नाही, तर मग सही झालेल्या इतिवृत्तात ती ओळ कुठून आली?”

“मी टंकली होती. आदल्या दिवशी.”

“बैठकीच्या आदल्या दिवशी?”

“हो.”

“मग त्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं? मतं घेतली गेली का? हे गृहस्थ तेव्हा खोलीत होते का?”

“मला माहीत नाही,” काकू म्हणाल्या. “मी खोलीत नव्हते. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ मी लिहायचे, बाई. मी स्वतः उठल्याची कधी लिहिली नाही.”

“हे एकदाच झालं का?”

इथे खोटं बोलायची आणखी एक संधी होती, आणि ती पहिल्यापेक्षा सोपी होती. काकू म्हणाल्या, “नाही. सगळ्याच बैठकांना असंच.”

काकूंना वाटलं होतं, धाकटे तरी सुटल्यासारखे दिसतील. पण त्यांनीही डोळे मिटून घेतले होते. नंतर काकूंना उमगलं. धाकट्यांचा हिस्सा, थोरल्यांचा हिस्सा, संचालकांच्या नेमणुका, सगळं त्याच चौदा वर्षांच्या इतिवृत्तांवर उभं होतं. एक वीट काढायला गेल्या आणि सबंध भिंतच हलली. बाहेर पडताना थोरले त्यांच्या शेजारून गेले. थांबले नाहीत. धाकटे थांबले, काहीतरी बोलणार होते, मग नुसतं “सांभाळून उतरा, पायरी ओली आहे” म्हणाले आणि गेले.

न्यायालयाने निकाल दिला तो असा. सातवा ठराव सिद्ध झालेला नाही. महिन्याच्या आत बैठक पुन्हा घ्यावी, त्यात पाचही जणांनी तो मांडून निर्णय करावा आणि सही झालेलं इतिवृत्त न्यायालयात आणून द्यावं. ते अंतिम. इतिवृत्त कुणी लिहायचं यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांचा दोन दिवस खल झाला. थोरल्यांना धाकट्यांचा माणूस नको, धाकट्यांना थोरल्यांचा. काकूंचं तर नावच निघालं नाही. शेवटी दोघांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. यंत्र लिहील. ते कुणाच्या बाजूचं नाही, ते खोलीतलं सगळं ऐकेल, ते प्रिंट काढायला उठणार नाही.

काकूंना घरी बसायला सांगण्यात आलं. उरलेले महिने रजा समजा, असं पत्र आलं, सौजन्याने भरलेलं. शेजारीपाजारी विचारपूस करायचे. काही जण हिमतीचं कौतुक करायचे, काही जण त्यांच्या पाठीमागे कंपनी बुडवणारी बाई म्हणायचे. काकूंना दोन्ही सारखंच बोचायचं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. काकूंना काही हलकं वाटलं नाही. दहा वेळा मनात यायचं, तेव्हाच धाकट्यांना नुसतं विचारलं असतं, “हे तुम्हाला चालणार आहे ना?” एवढंच. तीन शब्द टंकण्याऐवजी पाच शब्द विचारायचे होते.

बैठक बुधवारी होती. मंगळवारी दुपारी काकू पालेभाजी निवडत बसल्या होत्या, तेव्हा फोनचा टुणकन आवाज झाला. मेल आला होता. कंपनीचा. त्यांना काढायचं सगळ्यांच्या लक्षात होतं, पण पत्त्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढायचं राहून गेलं होतं. वर लिहिलं होतं, ‘इतिवृत्त, सहीसाठी तयार.’ काकूंना वाटलं जुनं काही असेल. त्यांनी हात पुसून उघडलं.

उपस्थित संचालक, पाच. ठराव एक. यंत्राचा ताबा. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.

काकूंनी तारीख बघितली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग नवऱ्याला हाक मारली. “अहो, आज वार कोणता?”

“मंगळवार.” ते चष्मा लावत आले आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “उद्याची बैठक आहे ना ही?”

“उद्याची.”

“मग यांनी आजच कसं फाडलं तिकीट?”

शब्द काकूंचे होते. परिच्छेद पाडायची पद्धत त्यांची होती. आदल्या दिवशी दुपारी तयार ठेवायची वेळसुद्धा त्यांचीच होती. यंत्र सगळं मन लावून शिकलं होतं. पाच माणसं उद्या त्या खोलीत बसतील, भांडतील, कदाचित कुणी चिडून उठून जाईल, आणि शेवटी समोर आलेल्या कागदावर सही करतील, कारण यंत्राच्या इतिवृत्तात चूक नसते. आणि मग ते अंतिम. हे थांबवायला सांगणार कोण? मी चौदा वर्षं असंच खोटं लिहिलं, असं शपथेवर सांगून आलेली बाई. तिचं कोण ऐकणार? काकूंनी पान खाली सरकवलं, अगदी तळापर्यंत, आणि तिथे त्यांना ते दिसलं.

‘बैठक चार वाजून पंचवीस मिनिटांनी संपली.’

तेवढी एक जागा काकू तरी कोरी ठेवायच्या.

त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं. कपाटातून नवी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानावर तारीख आणि वेळ लिहिली. मंगळवार, तीन वाजून दहा मिनिटं. त्याखाली आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःची नोंद केली. ‘मी उठले.’

“कोर्ट पाच वाजता बंद होतं,” त्या म्हणाल्या. “चप्पल घाला.”